काँप्युटरच्या तारांवर गोफ

कपड्याच्या व्यापाऱ्याने काँप्युटरच्या तारांविषयी लिहावे, याचे काही वाचक बांधवांना नवल वाटेल. आमचे काम तागे मोजण्याचे. विजेशी आमचा संबंध लूमच्या मोटारीपुरता आणि महिन्याच्या बिलापुरता. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या भाच्याने भिवंडीतील आमच्या घराच्या माळ्यावर एक काम सुरू केले आणि पाहता पाहता आम्हीही त्यात गुंतलो. त्या कामाने आम्हाला थोडी कमाई दिली आणि एकदा चांगलाच फटकाही दिला. दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय या हुन्नराची खरी किंमत वाचकांना कळणार नाही, म्हणून हा लेख.

काँप्युटरच्या कॅबिनेटमध्ये एक लोखंडी डबा असतो. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज पुढे देतो. त्यातून तारांचे झुबके निघतात. मदरबोर्डसाठी २४ पिनांचा प्लग, प्रोसेसरसाठी ८ पिनांचा, ग्राफिक्स कार्डासाठी ६ किंवा ८ पिनांचा, हार्ड डिस्कसाठी चपटा. पूर्वी कॅबिनेट चारी बाजूंनी पत्र्याचे असे. आत तारांचा कितीही गुंता असला तरी पाहतो कोण? आता कॅबिनेटची एक बाजू काचेची येते. गेम खेळणारी मुले, लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग करणारे, हौशी लोक त्या काचेतून आतले सारे दाखवतात. दाखवायचे म्हटले की शोभा आली. मग प्रत्येक तारेवर रंगीत विणलेले आवरण चढवायचे, तारा मोजून बरोबर लांबीच्या करायच्या आणि एका ओळीत बसवायच्या, हे काम निघाले. आवरणाला स्लीव्ह म्हणतात. तारा ओळीत ठेवायला प्लॅस्टिकचा कंगवा येतो. आपल्या मागावरची फणी ताण्याचे धागे जसे वेगवेगळे ठेवते तसाच हा तारा वेगवेगळ्या ठेवतो.

स्लीव्ह आमच्या हातात पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही भाच्याला म्हणालो, "अरे, हा तर नाडा आहे!" तो हसला, पण आमचे चूक नव्हते. गोफाच्या नाचात वरून दोऱ्या सोडतात, अर्धे नाचणारे उजवीकडून आणि अर्धे डावीकडून एकमेकांच्या आतून बाहेरून फिरतात आणि दोऱ्यांची वीण पडत जाते. नाड्याचे मशीन हेच करते, फक्त नाचणाऱ्यांच्या जागी बॉबिनी फिरतात. मधोमध तार ठेवली की तारेवर वीण बसते. जुन्या इस्त्रीची सुती वायर अशीच होई. मध्ये काही ठेवले नाही तर पोकळ नळी निघते. ती पोकळ नळी म्हणजे स्लीव्ह. ताणा आणि बाणा इथे काटकोनात नसतात, तिरके असतात. म्हणून ती दोन्ही टोकांकडून दाबली की फुगते आणि ओढली की आवळते. तार आत घालताना दाबायची, बसली की ओढून घ्यायची, एवढे एक गुपित ज्याला कळले त्याचा अर्धा वेळ वाचला.

स्लीव्ह मुख्यतः दोन जातींची मिळते. एक पीईटीची, म्हणजे आपल्या ओळखीच्या पॉलिएस्टरची. कडक, चमकदार, थोडी जाळीदार. दुसरी नायलॉनच्या पॅराकॉर्डची, मऊ आणि दाट विणीची. पॅराकॉर्ड ही मुळात पॅराशूटची दोरी. दुसऱ्या महायुद्धात छत्रीसैनिक तिला लटकून उतरत. तिच्या पोटात सुताचे अनेक पदर असतात. हौशी लोक ते पदर ओढून काढून टाकतात आणि रिकाम्या सालीत तार घालतात. पॅराकॉर्ड म्हणून पुष्कळदा भलतेच विकले जाते, म्हणून आम्ही आमच्या धंद्यातली परीक्षा लावतो : टोक जाळून पाहणे. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही वितळून गोळी धरतात, पॉलिएस्टरचा धूर काळा असतो. पॉलिप्रॉपिलीन फार लवकर वितळते. ते साधारण १६५ अंशांनाच पाणी होते, तर नायलॉन आणि पॉलिएस्टर अडीचशेच्या आसपास जातात. सुती दोरी वितळतच नाही, पेट घेते. ती कितीही सुंदर असली तरी या कामात घेऊ नये.

या भागात आपल्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. भाच्याची आई, म्हणजे आमच्या आपा, त्यांनी लहानपणी पटवेकऱ्याचे काम जवळून पाहिलेले. दागिना रेशमात ओवताना गाठ दिसू द्यायची नाही, हा पटवेकऱ्याचा पहिला धडा. स्लीव्हचे टोक बंद करताना पोरे लायटर लावत आणि पांढरी स्लीव्ह काजळीने काळी करत. आपांनी जुनी सुरी गॅसवर तापवून स्लीव्ह कापायला सुरुवात केली. कापणे आणि टोक बंद होणे एकाच वेळी, काजळी नाही, सूत सुटणे नाही. त्यांच्या हातच्या चोवीस तारा पाहिल्या तर कोणती आधी केली आणि कोणती नंतर, सांगता येत नाही.

इथवर सारे आपल्या माहितीतले आहे आणि इथेच आमची फसगत झाली. कपडेवाला स्लीव्ह पाहतो आणि समजतो की काम झाले. काम आतल्या तारेत आहे, टोकाच्या पिनेत आहे.

तारेचे माप एडब्ल्यूजी या नंबराने सांगतात. सुताच्या काउंटसारखेच हे : नंबर मोठा तितकी तार बारीक. ६० चे सूत २० च्या सुतापेक्षा बारीक, तशी २० नंबरची तार १८ पेक्षा बारीक. एसएमपीएसच्या मुख्य तारांना १८ नंबर लागतो, जादा भाराला १६. आपल्याकडे बाजारात तार चौरस मिलिमीटरवर मिळते. १८ नंबर म्हणजे सुमारे ०.८२, १६ नंबर म्हणजे सुमारे १.३१. म्हणून ०.७५ ची तार थोडी कमी पडते. १ ची घ्यावी तर घरगुती वायरिंगच्या तारेचे प्लॅस्टिक इतके जाड असते की ती प्लगच्या खाचेत शिरत नाही. तेव्हा यंत्रांच्या आतल्या जोडणीसाठी असते ती पातळ आवरणाची तारच मागावी आणि आवरणावर छापलेले माप व तापमान वाचून घ्यावे. त्यावर ८० किंवा १०५ अंश लिहिलेले असते. आम्ही १०५ ची घेतो.

आता फसगत. आम्ही एका दुकानातून ९० मीटरची एक गुंडाळी आणली. भाव बरा मिळाला म्हणून खुशीत होतो. तिच्यातून दोन संच तयार होऊन गिऱ्हाइकांकडे गेलेसुद्धा. तिसऱ्या संचाच्या वेळी आपा म्हणाल्या की ही गुंडाळी हाताला हलकी लागते. भाच्याने तारेची एक काडी ब्लेडने खरवडली. वर तांबूस, आत पांढरी! ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा. या तारेतून तांब्याच्या मानाने दोन-तृतीयांशच वीज वाहते, म्हणजे त्याच जाडीत ती जास्त तापते, आणि दोनचार वेळा वाकवली तर तुटते. टेरिकॉटला सुती म्हणून विकण्यासारखीच ही गोष्ट. फरक एवढाच की टेरिकॉटने कोणाच्या घरात आग लागत नाही.

ते दोन्ही संच आम्ही परत मागवले आणि पैसे फेडले. एक गिऱ्हाईक कल्याणचा होता. तो म्हणाला, "चाचा, मशीन मस्त चालू आहे, कशाला काढता?" भाच्यालाही तसेच वाटत होते. परत आलेल्या तारांना कुठे काळा डागसुद्धा नव्हता, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. त्या महिन्याची सारी कमाई गेली. भाचा आठ दिवस आमच्याशी नीट बोलला नाही. पण माप पुरे देण्याचा हुकूम गजाला जसा आहे तसा तारेलाही आहे, असे आम्ही समजतो. तेव्हापासून गुंडाळी घेण्याआधी दुकानातच दोन इंच तार खरवडून पाहतो. दुकानदार नाराज झाला तर दुसरे दुकान आहे. मुंबईत लोहार चाळ आहे, लॅमिंग्टन रोड आहे. पुण्यात तपकीर गल्ली आहे.

पिनेकडे वळू. तारेच्या टोकाला जी छोटी धातूची लग बसते तिला चार पाकळ्या असतात. पुढच्या दोन उघड्या तांब्याला आवळतात, मागच्या दोन तारेच्या प्लॅस्टिकला धरतात. पुढच्यांचे काम वीज नेणे, मागच्यांचे काम ओढ सोसणे. यासाठी त्या लगच्या मापाचीच दाबायची पकड लागते. साध्या पकडीने पाकळ्या चेपतात, वळत नाहीत. तीन ते चार मिलिमीटर प्लॅस्टिक सोलायचे, एकही काडी कापली जाऊ नये. दाबल्यावर प्रत्येक लग हाताने ओढून पाहायची. काही जण वरून कथील लावतात, जास्त पक्के व्हावे म्हणून. तसे करू नये. कथील काड्यांमधून आत चढते, तिथे तार कडक होते आणि जिथे कडकपणा संपतो नेमकी तिथेच पुढे तुटते. ढिली लग सुरुवातीला काहीच दाखवत नाही. मशीन चालते, दिवे लागतात. भार वाढला की तिथे ऊब धरते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. मग प्लगचे प्लॅस्टिक पिवळे पडते आणि वास येतो. तोवर स्लीव्ह मात्र नव्यासारखी सुंदर!

आता आमच्या मोठ्या नुकसानीची हकिकत. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९९० च्या दशकाच्या आरंभी जे काँप्युटर होते त्यांच्या मदरबोर्डला दोन वेगळे प्लग शेजारी शेजारी लावावे लागत. अदलाबदल झाली तर बोर्ड जळे. म्हणून मेकॅनिक लोकांचा एक मंत्र होता : काळी काळीशेजारी. दोन्ही प्लगच्या काळ्या तारा मध्यभागी एकत्र आल्या पाहिजेत. १९९५ साली इंटेलने एटीएक्स पद्धत आणली. तिच्यात एकच प्लग, आधी २० पिनांचा, नंतर २४ चा. त्याच्या काही खाचा चौकोनी, काहींचे कोपरे कापलेले. तो उलटा बसतच नाही. रंगही ठरलेले : पिवळी १२ व्होल्ट, तांबडी ५, नारिंगी ३.३, काळी जमीन, हिरवी चालू करण्याची, जांभळी ५ व्होल्टची पण डबा बंद असतानाही जिवंत. लोक बेफिकीर झाले, आणि ते योग्यच होते.

पुढे असे डबे आले ज्यांच्या तारा डब्यापासूनही सुट्या होतात. हव्या तेवढ्याच लावा, बाकीच्या पेटीत ठेवा. सोय मोठी. पण ध्यानात घ्या, मदरबोर्डकडचे टोक सर्व कंपन्यांचे सारखे. डब्याकडचे टोक मात्र ज्याचे त्याचे. कोणत्या खाचेत १२ व्होल्ट आणि कोणत्या खाचेत ५, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. आणि प्लग दिसायला सारखा, बसतोही आरामात!

आमच्या दुकानाच्या काँप्युटरला भाच्याने हौसेने हिरव्या-पांढऱ्या तारा केल्या होत्या. जुना डबा बिघडला. नवा आणला, दुसऱ्या कंपनीचा. तारा कॅबिनेटमधून इतक्या सुरेख ओवलेल्या होत्या की त्या उपसायला त्याचा जीव झाला नाही. त्याने फक्त डबा बदलला आणि जुन्या तारा नव्या डब्याला लावल्या. बटण दाबले. बारीकसा आवाज झाला, जळका वास आला, बस्स. हार्ड डिस्कला जिथे ५ व्होल्ट जायचे तिथे १२ गेले होते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यापासूनचा सारा हिशेब त्या डिस्कमध्ये होता. पेनड्राइव्हवर नक्कल होती, पण ती चार महिने जुनी. त्या चार महिन्यांच्या बिलबुकांवरून एकेक नोंद पुन्हा चढवताना आमचे किती दिवस गेले ते आम्ही मोजले नाहीत. भाच्याला आम्ही रागे भरलो नाही. हिरव्या-पांढऱ्या तारांची तारीफ येणाऱ्या प्रत्येक आडत्याजवळ आम्हीच तर करत होतो.

या कामातला सर्वांत मोठा धोका हाच. मूळ तारेचा रंग म्हणजे ताग्याच्या टोकावरचा शिक्का. तो पाहून माल ओळखता येतो. स्लीव्ह चढवली की शिक्का झाकला जातो. म्हणून भाचा आता एक वही ठेवतो. प्रत्येक डब्याचे मॉडेल, त्याच्या प्रत्येक खाचेत काय, हे मल्टिमीटरने तपासून स्वतः लिहिलेले. तयार केबलच्या टोकाला मॉडेलची चिठ्ठी चिकटवल्याशिवाय ती माळ्यावरून खाली येत नाही. चिठ्ठी गिऱ्हाइकाला कुरूप वाटते. वाटू दे.

नव्याने शिकणाऱ्याने डब्याच्या टोकाला हातच लावू नये, एक्स्टेन्शनपासून आरंभ करावा. एक्स्टेन्शन म्हणजे मूळ तार तशीच राहते, तिच्या आणि मदरबोर्डच्या मध्ये आपली रंगीत तार जोडायची. दोन्ही टोके ठरलेल्या पद्धतीची, खाच एक ते खाच एक सरळ, त्यामुळे कंपनी कोणतीही असो, फरक पडत नाही. एवढी खबरदारी घ्यावी की प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा प्लग एक नव्हे. एकात चार पिवळ्या, चार काळ्या. दुसऱ्यात तीन पिवळ्या, पाच काळ्या, आणि बाजूही उलट. तयार केबल मशीनला लावण्यापूर्वी मल्टिमीटरच्या बीपवर प्रत्येक तार तपासावी, शेजारच्या तारेशी जोड नाही ना तेही पाहावे. मग डबा एकटा चालू करून व्होल्ट मोजावेत : १२ चे ११.४ ते १२.६ आणि ५ चे ४.७५ ते ५.२५ या दरम्यान यायला हवेत. मदरबोर्डशिवाय डबा चालू करायचा तर हिरवी तार काळीला जोडतात. आणि डब्याचे झाकण कधीही उघडू नये. आतले कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही तीनशेहून अधिक व्होल्ट धरून बसतात. तारांचे काम डब्याच्या बाहेरच संपते.

एक काम आम्ही घेत नाही. मोठ्या ग्राफिक्स कार्डांसाठी १६ पिनांचा जो लहानसा नवा प्लग आला आहे, त्यातून ६०० वॅटपर्यंत वीज जाते. १२ व्होल्टवर ते ५० अँपिअर झाले. सहा पिनांत वाटले तर एकेका पिनेवर ८.३, आणि पिनेची मर्यादा ९.५. जुन्या ८ पिनांच्या प्लगमध्ये हाच हिशेब एका पिनेवर ४.२ च्या आत येतो, म्हणजे चुकीला जागा राहते. या नव्यात ती नाही. २०२२ साली कारखान्यात बनलेले असे प्लगही वितळले होते आणि पुढच्या वर्षी त्याची रचना बदलावी लागली. माळ्यावर बसून हाताने दाबलेल्या लगवर आम्ही दुसऱ्याचे एवढे महाग कार्ड टांगणार नाही.

कमाईचे विचाराल तर असे. मदरबोर्डचा एक, प्रोसेसरचा एक आणि ग्राफिक्सचे दोन असा एक्स्टेन्शनचा संच धरा. २४ मधील एक खाच रिकामी असते, म्हणून तारा होतात ४७. एकेक तार ३० सेंटिमीटर म्हटली तर १४ मीटरहून थोडी अधिक तार, आणि लग ९४. सरावलेल्या दोन हातांना पूर्ण दिवस लागतो, नवख्याला दोन. भाव आम्ही इथे लिहीत नाही, कारण तारेचा दर तांब्याबरोबर हलत राहतो. पण एवढे सांगतो की चीनमधून येणाऱ्या तयार संचाशी भावात टक्कर देता येत नाही; त्या वाटेला जाऊ नये. तयार संच एका मापाचा आणि चारसहा रंगांचा. आपल्याकडे जो येतो त्याला त्याच्या कॅबिनेटच्या मापाची तार हवी असते, किंवा एखादा खास रंग हवा असतो. कपड्याच्या बाजारात ज्याने उमर काढली त्याला रंगाशी रंग मिळवणे नव्याने शिकावे लागत नाही. एका मुलाने मेहुण्याच्या वलिम्यातील शेरवानीचा तुकडा आणून तोच मोतिया रंग मागितला होता. तो जुळवायला आम्हाला तीन दुकाने फिरावी लागली, पण जुळला.

भांडवल म्हणाल तर पकड, पिना काढायची सुई, मल्टिमीटर आणि ब्लेड. पकडीवर पैसे वाचवू नयेत, बाकीचे साधे चालेल. जागा लागते एका चटईची. सध्या माळ्यावर आपा, भाचा आणि शेजारचा एक मुलगा असे तिघे बसतात. तो मुलगा लग दाबतो. अजून दहातील एक लग ओढल्यावर निसटते, म्हणून त्याच्या हातचा माल सध्या बाहेर जात नाही. ज्या बांधवांना हत्यारे पाहायची असतील, लग दाबून पाहायची असेल, त्यांनी जुम्याखेरीज कोणत्याही दिवशी असरनंतर यावे. येताना आपल्याकडील तारेचा तुकडा सोबत आणावा, खरवडून पाहू.